रकाना

"सिगारेट?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.
एदेलमिरा सुल्का, वय त्रेसष्ट,
तिसऱ्यांदा म्हणाली, "कधीच नाही."
जणू चोरीचा माल कुठं पुरलाय
तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

खिडकीबाहेर लिमाचं जुलैतलं आभाळ,
धड पाऊस नाही, धड कोरडं नाही,
जुनाट खोकल्यासारखं रेंगाळणारं.
मुलगा, विल्बर, कोपऱ्यावरच्या गाडीवरून
जवसाचा कढत काढा घेऊन आलेला. तो निवत गेला.

फॉर्मवर एक रकाना होता: वंश.
तिनं लिहिलं, मिश्र.
आजवर सगळ्याच फॉर्मांवर लिहीत आली तसं.
अयाकुचोहून बटाट्याच्या ट्रकमधून उतरताना
बापानं बजावलं होतं,
इथं आपली बोली तोंडातून काढायची नाही,
कुणी विचारलंच तर म्हणायचं, आम्ही इथलेच.

फुप्फुसाचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा,
मेणात बसवला, त्याचे पापुद्रे काढले,
आणि तिसऱ्या आठवड्यात कागद आला:
एका जनुकाच्या एकोणिसाव्या एक्सॉनमधून
पंधरा अक्षरं गळालेली.
खाली, रक्तावरून काढलेला, आणखी एक हिशेब:
डोंगरातल्या मूळ माणसांचा वाटा
शंभरात एक्याऐंशी.
बापानं ट्रकमध्येच सोडलेलं सगळं
एका आकड्यात दारात येऊन उभं.

"म्हणजे हे आजीनं दिलं मला?"
"नाही." बार्दालेसबाईंनी पेन खाली ठेवलं.
"ही अक्षरं तुमच्याच अंगात गळाली,
एका पेशीत, कुठल्याशा दिवशी.
तुम्ही तेव्हा बटाटे सोलत असाल.
तुमच्याकडच्या माणसांत हे जास्त दिसतं.
का, ते नीट ठाऊक नाही.
आमची पुस्तकं दुसऱ्यांच्याच रक्तावरून लिहिलेली.
पण याला गोळी आहे.
ती वंश विचारत नाही, गळालेली अक्षरं बघते."

धूर असेल का? वाळल्या शेणाची चूल,
आजीचे कायमचे लाल डोळे.
पण आजी त्याच धुरात नव्वदीला टेकली,
शेवटपर्यंत चढण चढत.

एदेलमिरानं छातीवर तळवा ठेवला
आणि म्हणाली, "समय."
विल्बरला कळलं नाही, तो लिमातच जन्मला.
माझ्या मराठी कानाला आधी वेळ ऐकू आली;
तिच्या बोलीत तोच शब्द श्वासाला,
आणि थांबून टेकण्यालाही.

सहा आठवड्यांनी तोंडभर पुरळ,
नखांच्या कडा चिरलेल्या,
आणि फिल्मवरची सावली निम्म्याहून कमी.
घरापर्यंत दोनशे चौदा पायऱ्या.
आता ती नव्वदाव्वीला थांबते,
आधी तिसावीला थांबायची.
ही गोळी किती दिवस पुरेल, कुणी बोललेलं नाही.

आज पुन्हा नवा फॉर्म.
विल्बर गुडघ्यावर ठेवून भरतोय:
नाव, गाव, जन्मतारीख.
मग पेन अडतं.
"इथं काय लिहू, आई?"

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती,
जेवणाआधी एक तास, गोळीची वेळ.
"काय विचारलंस?" ती म्हणाली,
आणि हे तिनं त्याला
त्या बोलीत विचारलं.