शिक्क्याचं पॅड

लष्करात, ट्रेझरीच्या मागच्या खोलीत
साडेदहाला पंखा सुरू होतो
आणि भदौरियाजी.
"यहाँ कुछ नहीं होना, मॅडम."
अकरा वर्षं हेच. आवाजही पंख्यासारखाच,
तिसऱ्या फेरीला खरखरणारा.

कुशवाह मान डोलावतो.
कुणाची बढती अडली, कुणी कुणाचे कान भरले,
चहा यायच्या आत दूध नव्हे, हवा नासते.

मी ऐकते. कधी मीही दोन शब्द घालते, खोटं कशाला बोलू.
मग गठ्ठ्यातली सगळ्यात खालची फाईल ओढते.
आज रामश्री बाथम, वय एकाहत्तर,
एका कागदावर ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ,
एवढ्या वेलांटीपायी
चौदा महिने पेन्शन बंद.

वेलांटी दुरुस्त केली.
शिक्का मारायला गेले तर पॅड कोरडं ठणठणीत.
"देखा?" भदौरियाजी म्हणाले,
जवळजवळ आनंदानं.

बाटलीतलं पाणी, चार थेंब.
डाव्या बोटानं चोळलं.
शिक्का फिकट उठला,
पण उठला.

संध्याकाळी नळाखाली
जांभळा रंग पुरता गेला नाही.
मुलगा म्हणाला, "मतदान करून आलीस का गं?"
म्हटलं, हो.
वरण गरम कर.