एकाच जनरेटरवर

तुझी खोली माझ्यापासून सात पावलं. मधे लाल फरशीचा बोळ.
माझ्याकडे उजेड, दिवसाचे सोळा तास, पांढरा, कंटाळवाणा.
तुझ्याकडे एक पेटी, आत काळोख
आणि गाईच्या अंगाइतकी ऊब.

मी केळीच्या मुनव्याचा गाभा सोलते, पापुद्र्यामागून पापुद्रा,
ब्लीचमध्ये बुडवते, धुते, पुन्हा बुडवते.
तरी तो जगतो. रागावल्या पोरासारखा
आधी काळाठिक्कर पडतो, मग हिरवा होतो.
संप्रेरकाचं माप जरा इकडे झालं की मुळं,
जरा तिकडे झालं की कोंब.
शितावरून भाताची परीक्षा करतात लोक;
माझ्या बरणीत शिताचाच भात होतो.

तुझं तसं नाही, तुमवेबाझे.
तू वडिलांच्या बिहोगोच्या कानाचा टवका आणलास
म्बाराराहून, बर्फात, बसमध्ये मांडीवर.
तळहाताच्या फोडासारख्या जपतोस त्या पेशी.
दर दोन दिवसांनी ताजं गुलाबी पाणी,
त्यात वासराच्या रक्ताची निवळ;
पाणी पिवळं पडलं की तुझं तोंडही पिवळं.
त्या पसरतात, एकमेकींना टेकल्या की थबकतात.
मग तू त्यांना हळूच सोडवून
दुसऱ्या ताटलीत बिऱ्हाड थाटून देतोस
आणि वहीत रेघ मारतोस. एकोणीस. वीस.
या रेघा कधीतरी संपतात,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि कितीही वाढल्या तरी त्या कानाच्याच.
शिंग नाही, हंबरणं नाही.
"मग कशाला?" मी एकदा विचारलं.
"म्हातारा फोनवर विचारतो, ती कशी आहे," तू म्हणालास.

गुरुवारी वीज गेली. डिझेल एका खोलीपुरतं.
नामाटोवूबाई किल्ल्या वाजवत बोळात उभ्या,
माझ्याकडे बघत, कारण चार हजार बरण्या माझ्या,
सोमवारी लुवेरोच्या बायका न्यायला येणार.
तू काहीच बोलला नाहीस. नुसता चष्मा पुसत राहिलास.

केळ अंधारात रुसते, मरत नाही.
मी माझा खटका पाडला.

रविवारी दिवे आले. माझी रोपं फिकट,
लांबुडकी झाली होती, उजेड हुडकत
बरणीच्या झाकणाला टेकली होती.
तशीच दिली. बायकांनी नाकं मुरडली, तरी नेली.

तू भिंगाला डोळा लावून बसलास
तो चहा निवेपर्यंत.
"चिकटून आहेत," एवढंच म्हणालास,
आणि त्या दिवशी रेघ न मारता
वही मिटलीस.