खर्ज

गुरुवारी रात्री, फहाहीलमध्ये,
हेरंब खांबेट्याच्या दोन खोल्यांत
आम्ही चौघं भांडायला जमायचो.
विषय एकच: बेस भारी कोण वाजवतो.

नावं इथे लिहीत नाही.
लिहिली तर परत सुरू होईल.

तन्वीर परकार, मुक्काम हर्णै, रिफायनरीत व्हॉल्व्हवाला,
त्याला बोटांनी वाजवणाराच हवा.
पिकने तार छेडायची, म्हणजे
हातमोजे घालून मासा खायचा, म्हणायचा.

हेरंब पाच तारांचा भक्त.
सेकंदाला किती स्वर, ते मोजून सांगणार.
(साइटवरही मोजण्याचाच पगार घेतो.)

चारुशीला टिपणीसचा माणूस
सबंध गाण्यात एकच स्वर धरून बसतो.
"बाकीचे पतंग उडवतात, फिरकी याच्या हातात."
"एकच स्वर तर फ्रीजही धरतो," हेरंब म्हणाला,
तेव्हा ती दोन गुरुवार आली नव्हती.

माझा बेसवाला कुणाला माहीत नाही.
बँड फुटला, तो म्हणे आता मधमाश्या पाळतो.
हे सांगताना माझ्या आवाजात जी ऐट येते
तिच्यावर तिघंही तुटून पडायचे.

करकचे कागदी पेले, बकाल्यातले खारे शेंगदाणे,
बाहेर तोझ, रस्ता गिरणीतून दळून आल्यासारखा,
खिडकीच्या फटीत ओले टॉवेल,
आणि आवाज चढत जाणारा,
गाण्याचा, मग आमचा, मग पुन्हा गाण्याचा.

एका गुरुवारी सव्वाअकराला दार वाजलं.
शेजारचे अब्दुलबाकी, ओमदुर्मानचे,
शाळेत भूगोल शिकवणारे.
पांढरी जल्लाबिया, पायांत प्लास्टिकच्या चपला.
सहा वर्षांत फक्त लिफ्टमधला सलाम.
हेरंबने आधी आवाज पाडला, मग चेहरा.

"माफ करा," आम्ही चार तोंडांनी म्हणालो.
नाही, नाही, ते म्हणाले,
बकालावाल्याकडून उचललेल्या हिंदीत.
भिंतीतून गाणारा येत नाही.
गिटार येत नाही, शब्द तर नाहीच.
खालचा जाडा आवाज तेवढा येतो.
माझा पलंग त्याच भिंतीला आहे.
सहा वर्षं मी तेवढंच ऐकतो.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
ज्याच्यावरून इतकी वर्षं भांडलो
त्याला एकट्याला आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

तन्वीरने खुर्ची दिली, चारुशीलाने चहा.
हेरंबने विचारलं, चाचा, मग सगळ्यात भारी कोण?

डोळे मिटून ते गुणगुणले.
धुम्म, धु-धुम्म, मध्ये एक अडखळ,
अडखळीत कुठूनसं धातूचं टिक्,
मग वेग धरत, धरत, धरत,
आणि एकदम थांबणं.
"हा. तुम्ही लोक गेल्यावर वाजतो.
घरून फोन लागत नव्हता त्या महिन्यांत
मी याच्यावर झोपलो."

माझावाला, तन्वीर म्हणाला.
मी म्हणालो, मधमाश्यावाला, शंभर टक्के.
तीन फोन शोधायला लागले.
हेरंब तेवढा गप्प.
उठला, मोरीत गेला,
आठवड्याचे दोन कव्हरऑल यंत्रात टाकून
बटण दाबून आला.

पाणी भरेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग ड्रम फिरला. चेन काचेवर आपटली: टिक्.

"हाच," अब्दुलबाकी म्हणाले,
आणि पेला हातात धरून
मोरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले, शेवटपर्यंत.

"बघ, एकच स्वर," चारुशीला कुजबुजली.
"टिक् विसरलीस," हेरंब म्हणाला,
आणि झालं, सुरू.

यंत्राचा एक पाय आखूड आहे.
खाली सरकवायला पुठ्ठ्याची घडी
हेरंबने केव्हाची करून ठेवली होती.
ती अजून मीटरच्या डब्यावर आहे, धूळ खात.