उलटं नाव

पाचला शिफ्ट सुटते.
साडेपाचला मी पलंगावर उताणी,
मोजेसुद्धा अंगावर तसेच,
कुशीवर वळण्याएवढंही त्राण नसतं म्हणून उताणी.
बाहेर धुकं, बंदराचा भोंगा,
आत फ्रिजची घुरघुर.

मग ती येते.
दार वाजत नाही. जिन्याची तिसरी पायरी तेवढी करकरते.
माझ्या घराला जिना नाही.

डोळे उघडे आहेत. छतावरचा ओलीचा डाग दिसतो,
घड्याळात पाच बावन्न दिसतात,
खुर्चीवर टाकलेला पिवळा रबरी एप्रन दिसतो
आणि एप्रनच्या आत कुणीतरी.
ती उठते. छातीवर येऊन बसते,
ओल्या मिठाच्या पोत्याएवढी.
हल, मी करंगळीला सांगते.
करंगळी कुणा दुसऱ्याच बाईची.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
हिला म्हातारी म्हणतात. नुसतं म्हातारी.
ती एखाद्याच्या अंगावर घालताही येते म्हणे:
मनात डूख धरायचा, आणि प्रार्थना
आमेनपासून सुरू करून उलटी म्हणत जायची.
ईसॉकाका छातीवर फळी बांधून झोपायचे, खिळे वर करून,
बसली तर तिलाच टोचावेत म्हणून.
एका रात्री ते कुशीवर वळले.
काकूच्या दंडावर अजून चार ठिपके आहेत.

खरा उतारा एकच,
जवळच्या माणसानं नाव उलटं हाकारायचं.
रोवेनाचं नावेरो.
गार्फील्ड हाकारायचा, अर्धवट झोपेत, वैतागून,
आणि म्हातारी उठून जायची.
आता तो अल्बर्टात, तेलाच्या वाळूत,
वीस दिवस तिकडे, आठ दिवस इकडे,
त्या आठातले दोन विमानतळांवर.
त्याचा फोन येतो नेमका याच वेळी.
उशाशी फोन थरथरतो.
मी नाही.

दवाखान्यात नवी डॉक्टर आहे, ओगेची, नायजेरियाची.
म्हणाली, आमच्याकडे ती माझ्या मावशीवर बसायची.
मग म्हणाली, स्वप्नात आपण खरोखर धावू नये,
शेजारच्याला गुद्दे मारू नयेत,
म्हणून मेंदू शरीर बांधून ठेवतो.
कधी जाग आधी येते, दोर मागून सुटतो.
म्हणजे इंजिन सुरू, मी म्हटलं,
आणि नाव अजून धक्क्याला बांधलेली.
मला नावांतलं काही कळत नाही, म्हणाली, पण हो.
किती झोपता? उताण्या?
रात्रपाळीचा हा कितवा आठवडा?
मी बोटांवर मोजलं, हात पुरले नाहीत.
आणि ती बसते ती?
घाबरलेला मेंदू खोलीत कुणाला तरी उभं करतो.
कुणाला, ते तुमचं तुम्ही बघा.

मी झिलाला उभं केलं होतं.
सात नंबरच्या टेबलावरची झिला.
मे महिन्यात मीच सुपरवायझरला सांगितलं,
तिचे हात मंदावलेत.
तिचे तास कमी झाले, माझे वाढले,
बेकारभत्त्यापुरते तिचे भरतील की नाही कुणास ठाऊक.
डूख धरायला तिला कारण होतं.

काल रात्री, तीनच्या सुट्टीत,
झिला जेवणघरातल्या बाकावर पडली होती. उताणी.
बूट पायांत, डबा न उघडलेला,
डोळे टक्क उघडे.
छताकडे बघत होती, पण छत बघत नव्हती.
तिची करंगळी मी ओळखली.

दारातच थांबले होते मी. जाताही आलं असतं.
लाझि, म्हटलं.
काही नाही.
जवळ जाऊन, वाकून: लाझि.
तिच्या घशात जुनी चादर फाटल्यासारखं काही झालं
आणि ती उठून बसली.
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग माझ्या एप्रनकडे.

"तूच होतीस," म्हणाली.

भोंगा वाजला. आम्ही हातमोजे चढवले.
पट्ट्यावरून खेकडे येत होते,
उताणे,
पाय अजून हलवत.