कार्डात बसतं का

आईचा गुडघा अकरा वर्षं दुखत होता
आणि आम्हाला ते माहीत नव्हतं.
म्हणजे होतं माहीत,
जसा टेंभीपाड्याचा चढ माहीत असतो.
चढताना ती किराणा दुकानापाशी थांबायची,
कांद्याचा भाव विचारायची, घ्यायची नाही.
तेवढ्यात श्वास जागेवर यायचा.

बाबांचं कामगार विम्याचं पुस्तक होतं.
मुलुंडला पहाटे रांग, दुपारी दोनला
पांढऱ्या गोळ्या, आणि एक खाडा.
खाडा परवडायचा नाही.
म्हणून आमच्यात दुखणं अंगावरच काढत.

मग माझ्या कंपनीने आईवडिलांना वरचा विमा दिला.
ओपीडीसकट, वर्षाला पंधरा हजार,
एकतीस मार्चला उरेल ते बुडेल.
आईने कार्डाला हळदकुंकू वाहिलं.
मी ओल्या फडक्याने पुसलं,
मशीनला नंबर दिसायला हवा ना.

आणि गुडघा दुखायला लागला.
पाठोपाठ मान, डावा कान,
छातीत कधीतरी होतं ते, आणि कधीतरी होत नाही ते.
"हे कार्डात बसतं का?"
काउंटरवरच्या मुलीला आधी हे,
मग नाव: शालन दत्ताराम घाडी.
ठाणं झालं, पवई झाली,
एसीत शाल पांघरून ती नंबरची वाट बघायची.
फेब्रुवारीत म्हणाली, "अजून बेचाळीसशे आहेत,
ह्यांचे डोळे करून घेऊ."
"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"
"झालं नसेल तर तसं कळेल तरी."

मी वैतागले, खोटं कशाला बोलू.
ऑफिसात मेल आलं: वापर वाढल्याने हप्ता वाढेल.
वाटलं, हे आईबद्दलच लिहिलंय.
गल्लीतल्या उपळेकर डॉक्टरांनी
स्कूटर थांबवून विचारलं,
"आई बरी आहे ना? हल्ली येत नाही."

सात रिपोर्टांतला एक खरा निघाला.
साखर, तीनशे बारा.
कधीपासूनची, कोण सांगणार.

जुलैत माझी नोकरी गेली, सोबत कार्ड.
आई म्हणाली, "तसंही मला आता बरंच वाटतंय."
साखरेच्या गोळ्या तेवढ्या ती घेते, अर्धी मोडून.
रात्री स्वयंपाकघरात
बामच्या डबीचं झाकण फिरतं, हळू,
आम्ही जागे होऊ नये इतकं हळू.

काल चढावर ती दुकानापाशी थांबली.
"कांदे कसे दिले?"
दुकानदार सांगून मोकळा झाला.
तिचा श्वास अजून यायचा होता.
मी म्हटलं,
"आणि लसूण?"