अर्धी पट्टी

कात्री माझीच. काउंटरला दोरीनं बांधलेली,
मुठीवर काळी चिकटपट्टी.
दहाची पट्टी, मागणी चारांची:
कट्. चार गोळ्या पुडीत,
सहा खणात,
आणि त्यांच्याबरोबर नाव, तारीख, सगळं खणात.

भिवा तांडेल पोटाच्या कळेनं वाकून आला होता.
पहाटे बोट सुटायची होती.
"काय ता दी रे बेगीन," म्हणाला.
दिलं. चिठ्ठी मागितली नाही.
देवगड बंदरावर चिठ्ठी मागणारा दुकानदार
दुसऱ्या दिवशी माश्या मारत बसतो.

तेव्हा उजव्या मनगटावर डाग उठला,
रुपयाएवढा, वांग्याच्या सालीच्या रंगाचा.
घरचे म्हणाले, जाळ्यातलं काहीतरी डसलं.
रत्नप्रभानं मुठेल चोळलं.
डाग फिका झाला. गेला नाही.

वर्षानं पुन्हा पोट, पुन्हा मी, पुन्हा कात्री.
डाग पुन्हा तिथंच,
त्याच मनगटावर, त्याच काठांनिशी,
आणि ओठावर एक नवा.
कातडी विसरली नव्हती.
आम्ही सगळे विसरलो होतो.

तिसऱ्या खेपेला तोंड आतून सोलवटलं,
पाठीवर फोड, कढत पेज सांडल्यासारखे.
ओरसच्या वॉर्डात पोरसवदा डॉक्टरीण विचारत होती,
"कुठली गोळी घेतली?"
"पांढरी," रत्नप्रभा म्हणाली.
"नाव?"
"गोल होती."

जगातल्या अर्ध्या गोळ्या पांढऱ्या असतात, आणि गोल.

रात्री साडेअकराला मला फोन.
शटर उचललं, खण ओढला.
उरलेला तुकडा तिथंच होता, नाव ठळक.
फोनवर एकेक अक्षर सांगत गेलो,
चौकीत स्वतःचं नाव सांगावं तसं.

सतरा दिवसांनी भिवा दुकानात आला.
शिव्या खायची तयारी ठेवली होती मी.
तो स्टुलावर बसला, म्हणाला,
"भायर एक खडप आसा. भरतीक दिसणा नाय.
बापाशीची होडी थय फुटली.
तेवापासून कळस नि बत्ती एका रेघेत इली
काय आमी सुकाणू फिरवतो.
आता सांग,
ह्या खडपाचा नाव काय?"

जाड पुठ्ठ्यावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत.
एक पाकिटात, एक रत्नप्रभाच्या डब्यात,
आणि बोटीच्या केबिनमध्ये, देवाच्या नावाखाली,
त्यानं ते लाल ऑइलपेंटनं रंगवून घेतलं.
शेवटचा काना जरा ओघळलाय.

आता मी पुडीवर नाव लिहितो, बॉलपेननं, दाबून.
विचारतो, आधी कुठल्या औषधानं काही झालं होतं?
अंगावर पुरळ, सूज, डाग?
दुसरं काय चालू आहे?
लोक वैतागतात. "गोळी दी, पंचनामो नको."
कुणी म्हणतं, गोरी गोळी गरम पडते.
तेही वहीत लिहून ठेवतो.
गरम म्हणजे काय, ते नंतर विचारता येतं.

परवा बाजाराच्या गर्दीत
एका बाईला विचारायचं राहिलं.
दुकान उघडं टाकून जेटीपर्यंत पळालो,
चप्पल एका पायात.
होडी काठ सोडत होती.
मी ओरडून विचारलं.
तिनं तोंडाशी हात धरून उत्तरही दिलं.
वाऱ्यात
अर्धंच ऐकू आलं.