कॅलेंडरची घडी

माघात मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या
की नंदुरबारात सुई टोचायच्या आधीच
माणसं शिंकायला लागतात.
मी म्हणते, हात हलवू नका हं,
आणि मीच शिंकते.

सातपासून रांग.
जांभळं बूच, लाल बूच, राखाडी बूच.
कुणाच्या शिरा चऱ्हाटासारख्या वर आलेल्या,
कुणाच्या थोपटून थोपटून उठवायच्या,
शाळेच्या पोरासारख्या.
सेंट्रिफ्यूज घरघरतं.
त्याचा एक पाय आखूड,
त्याखाली मी जुन्या कॅलेंडरची घडी घातली आहे.
रक्त खाली बसतं, वर सीरम उरतं.
गिरासे अण्णा शपथेवर सांगतात,
‘काहीच खादं नही बेटा, उपाशी शे मी.’
नळीत रात्रीची शेवभाजी, दुधासारखी दाट.
आणि देठ खुडणाऱ्या बाया,
दिवसभर एवढ्या लालात बसून
हिमोग्लोबिन सहा.

सगळे एकच विचारतात : काय निंघनं?
मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा.
बावीस वर्षं हेच.
वापरून वापरून वाक्यावरचा छाप गेलाय,
तरी चालतं.

सिकलसेलची पहिली तपासणी सोपी.
नळीमागे कार्ड धरायचं, त्यावर काळ्या रेषा.
रेषा दिसल्या तर घरी जा.
पाणी गढूळलं, रेषा बुडाल्या,
तर रक्तात कुठेतरी विळा आहे.

अमिला वसावे, वय वीस, मोलगी.
दिलवर पाडवी, वय तेवीस, खापर.
बाकाच्या दोन टोकांना बसलेली,
जणू ओळख नाही.
फॉर्मवर मोबाईल नंबर मात्र एकच.

तिच्या नळीत रेषा बुडाल्या.
त्याची नळी मी खिडकीशी नेली,
कार्ड जवळ धरलं, लांब धरलं,
चष्मा पुसला.

सिव्हिलकडून पक्का रिपोर्ट आला आठवड्याने.
त्या दिवशी दोघं एकाच मोटरसायकलवर.
दोन पिवळी कार्डं.
तिने ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.
‘दोघांचं सारखंच आलं, ताई?’
सारखंच.
ती त्याच्याकडे वळून हसली :
‘बघ. जुळलं.’

वाक्य जिभेवर होतं. नेहमीचं.
निघालं नाही.
बसा, म्हटलं मी.
हाताशी कागद नव्हता, म्हणून
यंत्राखालची घडी ओढून काढली,
कोऱ्या बाजूवर चार घरं आखली.
हे एक, काहीच नसलेलं.
ही दोन, तुमच्यासारखी; चालतात, नाचतात, म्हातारी होतात.
आणि हे.
याचे हातपाय सुजतात,
थंडीत हाडं आतून ठणकतात,
डोळे पिवळे...

‘गुडघे पोटाशी धरून रडतं,’ ती म्हणाली.
मी थांबले.
‘माझा धाकटा भाऊ. बाहेरचं लागलंय म्हणायचो आम्ही.
कोंबडा दिला होता.’

दिलवर बराच वेळ चौथ्या घराकडे बघत होता.
‘म्हणजे चौथ्या खेपेलाच ना? तीन झाली की थांबू.’
नाही रे.
दर खेपेला चारही घरं नव्यानं.
तो किल्ली बोटावर फिरवत होता, ती थांबली.

करा की करू नका, हे मी सांगितलं नाही.
तसा रकाना नाही आमच्या छापील कागदावर.
नॉर्मल किती ते लिहिलेलं असतं उजवीकडे,
इथे उजवीकडे नुसती भिंत होती.
पोटात असताना तपासता येतं, एवढं सांगितलं,
कुठे जायचं, कितव्या महिन्यात,
कुणाला भेटायचं.
तिने ते कॅलेंडरवरच लिहून घेतलं,
घडी घालून कार्डांसोबत पिशवीत ठेवलं.
पैसे द्यायचे राहिले म्हणून
तो अर्ध्या जिन्यातून परत आला.

खाली मोटरसायकल दोनदा बंद पडली.
तिसऱ्यांदा लागली.

यंत्राखाली दुसरा कागद मी अजून घातलेला नाही.
फिरताना जरा लंगडतं.
रक्त तरीही खाली बसतं.